धानके सरांचं दुसरं दार

धानके सरांना तुम्ही मुरबाडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला नेलंत, तर बसण्याआधी ते टेबलाच्या चतुःसीमा सांगत. "पूर्वेस भिंत. पश्चिमेस जाण्यायेण्याची वाट. दक्षिणेस भज्यांची कढई. उत्तरेस..." इथे ते शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाकडे वळत. "आपलं नाव काय म्हणालात?" तो बिचारा हातातला वडा तसाच धरून नाव सांगे. मग सर खुर्चीत टेकत आणि म्हणत, "हां. आता कळलं, मी कुठे आहे ते."

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसतेच आहे. पण याच माणसाच्या या खुळापायी आज माझी आई स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे बसलेली आहे, आणि ते घर हातचं जायची वेळ आली होती ती माझ्याच शहाणपणामुळे. तेव्हा हे सगळं उपकार मानून लिहिते आहे, एवढं ध्यानात असू द्या.

सर कल्याणच्या बाजूला एका लॉ कॉलेजात मिळकतीचा कायदा शिकवत. जमीन, घर, खरेदीखत, वहिवाट, बक्षीसपत्र. नव्वदीची मधली वर्षं होती. मी वैशाखऱ्याहून, म्हणजे पार माळशेज घाटाच्या पायथ्याकडून, दोन यष्ट्या बदलून कॉलेजला जायची. आमच्या बॅचच्या सगळ्यांना फौजदारी वकील व्हायचं होतं. खुनाच्या तासाला बाकावर जागा मिळायची नाही आणि धानके सरांच्या तासाला पंखेच तेवढे पूर्ण हजर असायचे. सर पाच-सहा टाळकी बघून जराही वरमत नसत. "खून एकदाच होतो," ते सांगत, "बांधाचं भांडण तीन पिढ्या चालतं. पोटापाण्याचं बघा आणि माझ्या तासाला बसा."

आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. ते आम्हाला गावाच्या नावाने हाक मारत. मी 'वैशाखरे'. एक पोरगा 'टिटवाळा'. बदलापूरचे दोघं होते, तर एक 'बदलापूर पूर्व' आणि दुसरा 'बदलापूर पश्चिम'. पूर्वेकडच्याने भाड्याचं घर बदललं आणि तोही पश्चिमेला गेला, तेव्हा सरांनी हजेरीपटावर रीतसर फेरफार नोंदवला आणि खाली सही केली.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे 'पायांनी वाचा'. कुठलंही दस्त टेबलावर वाचलेलं त्यांना चालत नसे. रविवारी ते आम्हाला कुणाच्या तरी शेतावर नेत, हातात जुनं खरेदीखत देत आणि म्हणत, "चला. पूर्वेस ओहोळ लिहिलाय ना? मग ओहोळात पाय भिजेपर्यंत चाला." ठाण्याकडची पोरं बूट घालून येत आणि चिखलातून अनवाणी परत जात. टिटवाळा एकदा चतुःसीमा वाचता वाचता म्हशीवर जाऊन आदळला. सर म्हणाले, "दस्तात म्हैस नाही. तरी जागेवर आहे. बघितलंस? कागद लिहिणारा इथे आलाच नव्हता."

एका कलमाशी मात्र सरांचा आवाज खाली यायचा. बक्षीसपत्राचं कलम. "देणाऱ्याने नुसतं देऊन भागत नाही," ते खिडकीकडे बघत सांगत. "देणारा जिवंत आहे तोवर घेणाऱ्याने ते घेतलं पाहिजे. नाहीतर दान नाही. कागद कितीही पक्का असो, नाही म्हणजे नाही."

"पण घेतलं हे कळायचं कसं, सर? सहीवरून?" मी एकदा विचारलं.

"सही असली तर बरंच. नसली तर वागणं बघा. किल्ली घेतली, दार उघडलं, केर काढला, की स्वीकार झाला. परक्या घरचा केर कोणी काढतं का?"

"आमची कामवाली काढते, सर," मागून आवाज आला.

"तिला पगार मिळतो. खाली बस, टिटवाळा."

सर राहायचे मुरबाडला, आणि त्यांच्या घराला पुढून दोन दारं होती. एकसारखी, शेजारी शेजारी, प्रत्येकासमोर वेगळी ओटी. मधे भिंत. सर एकटेच. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "सहहिस्सेदार मिळाला नाही" म्हणून विषय संपवत. मग एकट्या माणसाला दोन दारं कशाला? गावात याच्यावर बराच खल झालेला होता. गल्लीतला न्हावी म्हणायचा, मास्तर एका दारातून जातो आणि त्याचा कायदा दुसऱ्यातून. दुसऱ्या दाराला कायम कुलूप. पण रोज सकाळी सर ते उघडत, आतल्या दोन खोल्या स्वतः झाडत, पुन्हा कुलूप लावत. दर थंडीत म्हसा गावच्या जत्रेला जाऊन दोन घोंगड्या आणत. एक स्वतःला आणि एक त्या खोलीत. नोट्स आणायला गेले असताना मी एकदा डोकावले, तर आत घोंगड्यांची ही थप्पी! वरच्यांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला घोंगड्यांचं वेड असेल. विचारायची काय छाती नव्हती.

मी वकील झाले. मुरबाडच्या कोर्टात काळा कोट घालून मिरवायला लागले. दोन-चार दावे जिंकले आणि डोकं जरा वर गेलं. आणि त्याच सुमारास आमच्या रस्त्यावरच्या जमिनींना मुंबईची गिऱ्हाइकं यायला लागली. फार्महाऊस म्हणे.

आता आमच्या घरचं सांगायला हवं. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. आई मला घेऊन वैशाखऱ्याला माहेरी आली. तिचा भाऊ, माझा रामामामा, यानं आजोबांच्या शेताच्या रस्त्याकडच्या टोकाला तिला दोन खोल्यांचं घर बांधून दिलं. विटा स्वतः वाहिल्या. आई त्याच घरात राहिली, त्याच अंगणात कोंबड्या पाळून तिनं मला शिकवलं. पण सातबाऱ्याला शेत एकत्रच होतं, घराचा तुकडा कधी वेगळा निघालेला नव्हता. भावाबहिणीत कागद कशाला करायचा?

मामानं शेत विकायचं ठरवलं. त्याच्या पोरांना भातशेती नको होती, कल्याणला गाळा हवा होता. आमची काही ना नव्हती. सातबाऱ्याला आईचंही नाव, म्हणून तिची सही हवी. एजंट कागद तयार करून घेऊन आला. पांढरे बूट, पांढरा शर्ट, तोंडात बडीशेप.

"जनी, तुझा घर तुझाच हाय. आपन खालचा शेत तेवढा देतोय," मामा म्हणाला.

"मला काय सांगतंस? कर म्हनतंस तर करते सही," आई म्हणाली. आमच्याकडे बहीण भावाला असंच म्हणते. जमिनीवरून भावाला प्रश्न विचारला की माहेर तुटतं, हे आईच्या हाडीमांसी खिळलेलं.

पण घरात वकील होती ना! मी ऐटीत चष्मा लावला, खाटेवर बसून कागद वाचला. गट नंबर बरोबर. नावं बरोबर. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस गुरवाचं शेत, दक्षिणेस वनखात्याची हद्द, उत्तरेस डांबरी रस्ता. लहानपणापासून बघत आलेय, रस्ता उत्तरेलाच आहे. "कर गं सही," मी आईला म्हटलं. "एकदम चोख कागद आहे."

साक्षीदार म्हणून सरांची सही घ्यावी, त्यांनाही बरं वाटेल, म्हणून मी कागद मुरबाडला घेऊन गेले. सरांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"पायांनी वाचलास?"

"सर, माझं स्वतःचं गाव आहे."

"म्हणून तर विचारतोय."

मला खरं सांगते, राग आला. मी काय आता फर्स्ट इयरला होते? पण सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने हजर. काखेत छत्री, खांद्याला ती कायमची खाकी पिशवी. तिच्यात कोरे कागद, शाईचा पॅड, दोन पेनं आणि टाचणीची डबी. ही पिशवी त्यांच्या खांद्यावरून उतरलेली मी तोवर पाहिलेली नव्हती. एजंटलाही मामानं बोलावून घेतलं होतं.

भात कापून झालेला, शेत मोकळं होतं. सर मधोमध उभे राहिले, कागद नाकाजवळ धरला आणि चालायला लागले. पूर्वेला ओहोळापर्यंत गेले, चप्पल काढून पाय बुडवला, परत आले. पश्चिमेला गुरवाच्या बांधाला हात लावून आले. दक्षिणेचा वनखात्याचा दगड छत्रीनं ठोकून पाहिला. एजंट घड्याळ बघत होता आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग सर उत्तरेला निघाले. कागदावरची नजर न काढता सरळ रेषेत. आईच्या अंगणात शिरले. कोंबड्या ओरडत उडाल्या. सर थांबले नाहीत. मागच्या दारातून घरात गेले, चुलीला वळसा घातला, माझ्या कोटाच्या खुंटीखालून वाकून पुढच्या दाराने बाहेर पडले आणि रस्त्याच्या डांबरावर जाऊन उभे राहिले.

"उत्तरेस रस्ता. आला," ते तिथून ओरडले. "कागद बरोबर आहे. मधे एक घर लागलं. चुलीवर भात होता, करपतोय बहुतेक. त्या घराचं काय करायचं म्हणता?"

एजंटनं बडीशेप गिळली. "ते... आलंच की त्याच्यात. ओघानंच."

"आला म्हंजे?" मामा म्हणाला.

"म्हणजे विकलंत," सर म्हणाले. "रस्त्यापर्यंतचं सगळं."

मामा मटकन बांधावर बसला. मामाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "मी बांधलाय तो घर! ह्या हातानी! जनी, आईशपथ, मला ठाव नव्हता गो!" तो एजंटच्या अंगावर धावला असता, पण एजंट तोवर मोटरसायकलपाशी पोचला होता. आणि मी? मी एलएलबी, सनदधारक, तिथेच उभी राहून रडले. लहानपणापासून त्या रस्त्याला मी उत्तरेचा म्हणत आले होते, आणि शेत नि रस्ता यांच्यामधे माझं स्वतःचं घर आहे हे मला कागदात दिसलं नव्हतं.

सर माझ्याजवळ आले. आता काहीतरी बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. "भात बघ जा आधी," एवढंच म्हणाले.

तो कागद फाडला. पुढे रीतसर मोजणी करून घराचा तुकडा आईच्या नावे वेगळा काढला. खालचं शेत दुसऱ्या गिऱ्हाइकानं घेतलं. नवा कागद सरांनी स्वतः लिहिला आणि आमच्या ओटीवर बसून मोठ्यानं वाचला. "उत्तरेस, जनाबाई यांचे घर व अंगण."

"परत वाचा," आई म्हणाली.

सरांनी परत वाचलं. आईनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिचं नाव आजवर रेशनच्या दुकानाशिवाय कुठे कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं. मामा नाक पुसत म्हणाला, "बरा झाला बाबा. न्हायतर मी मेलो असतो." मग त्यानं कोंबडा कापायचा हट्ट धरला, आणि जेवताना भावाबहिणीचं 'जनी, घे गो' आणि 'तूच घे रे' असं चाललेलं सर घास हातात धरून बघत राहिले.

निघताना मी विचारलं, "सर, तुमची फी?"

"शेणव्याला चल माझ्याबरोबर. तुझ्या आईलाही घे. एका बाईची सही हवी आहे, आणि मला ती मिळत नाही." मला वाटलं, असेल कुणी पक्षकार.

शेणवा शहापूर तालुक्यात. सरळगाववरून, किन्हवलीवरून यष्टी जाते. त्या यष्टीत खिडकीशी बसून सरांनी सांगितलं. शेणवा त्यांचं गाव. वडील गेले तेव्हा ते कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. थोरली बहीण एकच, अक्का, लग्न होऊन गावातच दिलेली. वडिलांच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडल्याचा कागद सरांनी स्वतः लिहिला. त्यांनी आयुष्यात लिहिलेला पहिला दस्त. "भाषा इतकी बांधेसूद होती, की मी तो कॉलेजात प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी वर्गात वाचून दाखवला. अक्कानं न वाचता अंगठा दिला. म्हणाली, बाळूनं लिवलाय म्हंजे बरोबरच असंल."

पुढे ती जमीन विकली गेली. अक्काचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि ती दिराच्या घराच्या पडवीत राहायला आली. माहेर म्हणून जायला शेणव्यात तिला वीतभर जागा उरली नाही. सरांनी मुरबाडला घर बांधलं ते दोन दारांचं. अर्धं अक्काच्या नावे बक्षीसपत्र करून रजिस्टरही केलं. तिच्या स्वीकाराची सही तेवढी बाकी. ती सही अक्का इतकी वर्षं देत नव्हती.

माझ्या डोक्यात त्या घोंगड्या आल्या.

अक्का पडवीत नाचणी पाखडत बसली होती. हडकुळी, पण नजर तल्लख. सरांना पाहून सूप न थांबवता म्हणाली, "आलास? काढ पेन."

आणि सरांचा हात खरोखरच पिशवीत गेला होता.

माझी आई कुणाकडेही गेली की कामाला लागते. ती अक्काच्या शेजारी बसून नाचणीतले खडे वेचायला लागली. "रागावू नका, पण सही का नाय करत तुमी? भाव देतोय ना?"

"मला सहीचा राग नाय गो बाय," अक्का म्हणाली. "एकदा आला, अंगठा घेऊन गेला. त्याचा पन राग नाय. पोर होता. पन आता दर भाऊबीजेला येतो, ववाळून घेतो, पाटावरनं उठायच्या आधी पेन. जेव म्हनलं तर यष्टी चुकंल म्हनतो. इतकी वर्सं झाली, एकदा तरी म्हनला का, अक्का, चल, माझ्याकडं चार दिस ऱ्हा?"

सर उभेच होते. "अक्का, ते... ते तुझं झाल्याशिवाय तुला तिथे पाहुणी म्हणून कसं बोलावू?"

"मंग पाव्हनीच म्हनून बोलाव की रे बाळू!"

सूप थांबलं होतं. सरांनी पेनाला टोपण लावलं. खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. मग अक्काच्या समोर जमिनीवर बसले, मांडी घालून, नाचणीच्या तुसातच.

"अक्का, चल. चार दिवस."

"आज कशी येऊ? कोंबड्यांचं कोन बघंल? बुधवारी ये न्यायला," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा पाखडायला लागली. "आनि आज जेवून जा. यष्टी गेली तर जाऊ दे."

यष्टी गेली. आम्ही जेवलो. सर तीन भाकऱ्या जेवले.

बुधवारी सर पिशवीशिवाय शेणव्याला गेले आणि अक्काला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई नव्या भाताचे तांदूळ घेऊन मुरबाडला गेलो. दुसरं दार सताड उघडं होतं. सर नेहमीप्रमाणे आतल्या खोल्या झाडत होते. अक्का ओटीवर तीन घोंगड्या पांघरून बसली होती आणि मान वळवून त्यांच्या झाडण्याकडे बघत होती. थोडा वेळ तिनं ते सोसलं. मग घोंगड्या टाकून उठली.

"आन हिकडं ती केरसुनी. कोपरे तशेच ठेवतंस. असा केर काढत्यात व्हय?"

तिनं सरांच्या हातातून केरसुणी हिसकून घेतली आणि कमरेत वाकून कोपऱ्यातनं झाडायला लागली. सर अंगणात आले, माझ्यापाशी उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"वैशाखरे."

"सर?"

"हे कोण कोण बघतंय?"

"मी आणि आई."

"दोन साक्षीदार," ते म्हणाले. "पुरे झाले. सही नको आता."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, आईच्या घराबद्दल, त्या करपलेल्या भाताबद्दल, सगळ्याबद्दल. मी वाकलेही. पण तेवढ्यात आतून अक्का कडाडली, "बाहेर काय पुटपुटतंस बाळू? केर भरायला सुपली आन!"

आणि धानके सर, मिळकतीच्या कायद्याचे प्राध्यापक, मला तशीच वाकलेली सोडून सुपली आणायला धावले.